लाटसाहेबांनी आणलेली अंडी

लाटसाहेब झोपेतून उठत तेव्हा शेतावरचा निम्मा दिवस उरकलेला असे. धाकट्या भावाने गोठा झाडून गायी चरायला सोडलेल्या असत. भावाच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, धारा काढून, दूध गाळून, कोंबड्यांना दाणे टाकून चूल पेटवलेली असे. म्हातारे मामंजीसुद्धा बाकावर बसून थरथरत्या हाताने बटाटे सोलत असत. मग चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीचं दार करकरायचं. आधी जांभई बाहेर यायची, तिच्या मागून लाटसाहेब.

"काय गं धाकटे, पाणी तापलं का?"

पाणी त्यांच्या नाकासमोर खळखळा उकळत असे. तरी विचारायचे. उत्तर देणं धाकटीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं, आणि त्यांनी ते कधी ऐकलंही नव्हतं.

थोरला मुलगा म्हणून लहानपणी बापाने कौतुकाने त्यांना लाटसाहेब म्हटलं, आणि मोठेपणी आसपासच्या शेतांवरच्या लोकांनी तेच नाव चिडून उचललं. त्यांना दोन्ही सारखंच वाटे. अंगाने धडधाकट गडी, खांदे दारात न मावणारे, पण त्या खांद्यांवर कधी गवताचा भारा चढला नाही. हात पाठीमागे बांधून बांधावर उभं राहायचं आणि नांगर धरणाऱ्याला नांगर कसा धरावा ते सांगायचं, हे त्यांचं काम. गाय व्यायला झाली की ते गोठ्याच्या दारात येऊन "ओढा, ओढा" म्हणत, आणि वासरू बाहेर आलं की "दमलो बुवा" म्हणून बसत. एकदाच काय ते त्यांनी स्वतःच्या हाताने अंगणाचं फाटक बसवलं होतं. ते फाटक तेव्हापासून उचलल्याशिवाय उघडत नाही. दुधाची बादली हातात असताना धाकटी त्याला गुडघ्याने वर ढकलायची आणि मनातल्या मनात जे म्हणायची ते इथे सांगण्यासारखं नाही. पण लाटसाहेबांच्या बोलण्यात ते फाटक आजही नवंकोरं होतं. "मी फाटक बसवलं त्या वर्षी," अशी त्यांची प्रत्येक गोष्ट सुरू व्हायची.

लग्नही करून दिलं असतं कोणी, पण ते मुली बघायला जात आणि मुलीच्या बापाला शेती शिकवून परत येत. तेही बरंच झालं. एक बाई वाचली.

आता एवढ्या निकम्म्या माणसाला घरात मान कसा, तर त्याचं कारण होतं आठवड्याचा बाजार.

त्या काळी शेतावर ना फोन होता ना वर्तमानपत्र. पोस्टमन वर्षातून एखाद्या वेळी चुकल्यासारखा यायचा. नात्यागोत्यातलं काय चाललंय हे कळायचं ते बाजाराच्या दिवशीच. धाकट्याला गायी सोडून जाता येत नसे, मामंजींचे गुडघे गेलेले, धाकटीमागे दूध, कोंबड्या आणि चूल. उरले लाटसाहेब. गाडीत बसायचं आणि घोडी नेईल तिकडे जायचं, एवढंच काम असल्यामुळे ते त्यांनी आनंदाने पत्करलं होतं. त्या दिवशी मात्र स्वारी लवकर उठायची. दाढी व्हायची, टोपी झटकली जायची, बूट पुसले जायचे. ते धाकटा पुसायचा.

आणि संध्याकाळी परत आले की दरबार भरे. लाटसाहेब आधी जेवत. सावकाश. घरातली तीन माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. शेवटचा बटाटा गिळला, मिशा पुसल्या, की मग बातम्या. पलीकडच्या आत्याबाईंना नातू झाला, रंगाने बापावर गेलाय. लोहाराची म्हैस तळ्यात बुडता बुडता वाचली. मावसभावाने जावयाला घराबाहेर काढलं आणि चार दिवसांनी हात जोडून परत आणलं. मामंजी तर त्या संध्याकाळसाठीच जगत. पुढे वाकून, कानाला हात लावून ऐकत आणि दर वाक्याला "अरे वा", "अरे देवा" म्हणत. "थोरल्याला तोंड आहे," ते कौतुकाने म्हणत, "धाकट्याला नुसते हात."

धाकटा यावर मान हलवायचा. त्या हातांवर सगळं घर जेवत होतं, पण हे त्याला कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तो बोलला नसता.

धाकटीचा जीव मात्र एकाच बातमीत अडकलेला असे. तिची आई बाजाराच्या वाटेवर, नदीजवळच्या छोट्या शेतात एकटी राहायची. बाप गेलेला. भाऊ जहाजावर गेला तो तिकडचाच झाला. दर बाजाराच्या दिवशी धाकटी एका झाकणाच्या बरणीत ताजं लोणी भरून लाटसाहेबांच्या हाती द्यायची. "भावोजी, आईला द्या, आणि गुडघा कसा आहे ते विचारा." संध्याकाळी बरणी परत यायची. आईची एक रीत होती, तिच्या हातून भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. मूठभर वाटाणे, चार अक्रोड, अगदीच काही नसलं तर पुदिन्याची काडी. धाकटी बरणी उघडायची, वास घ्यायची, आणि तिला आईचं अंगण भेटल्यासारखं व्हायचं.

मग बरणी रिकामी यायला लागली. स्वच्छ घासलेली आणि रिकामी.

"आईने काही दिलं नाही?"

"वय झालं गं त्यांचं. विसरल्या असतील. पण लोणी फार आवडलं म्हणाल्या."

त्याच वर्षी थंडी सुरू होण्याआधी मामंजींनी स्वतःहून विषय काढला. म्हातारा मनाने वाईट नव्हता, फक्त थोरल्यापुढे आंधळा होता. "विहीणबाई एकट्या कशाला कुडकुडतायत तिकडे? हिवाळाभर इथे येऊ देत. चुलीजवळची खोली त्यांना देऊ. थोरला झोपेल माळ्यावर." धाकटीला काय करू नि काय नको असं झालं. तिने त्या रात्रीच मनाने उशीचा अभ्रा शिवला. लाटसाहेबांनी मात्र माळ्याकडे एकदा पाहिलं. माळ्यावर फटीतून वारा येतो, हे त्यांना चांगलंच माहीत होतं, कारण त्या फटी बुजवण्याचं काम गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं.

पुढच्या बाजाराहून ते परत आले, जेवले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "विचारलं बरं का मी मावशींना. नाही म्हणाल्या."

"नाही?"

"म्हणाल्या, माझं घर मला बरं. त्या शेणाच्या वासात कोण राहील? आणि म्हणाल्या, लेकीला सांगा, सारखी सारखी माझ्या मागे लागू नकोस."

धाकटीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आईचा जन्म गोठ्यात गेला होता. पण भावोजी खोटं सांगतील हे तिच्या डोक्यातच आलं नाही. खोटं रचायलाही कष्ट पडतात, आणि भावोजी कष्ट करत नाहीत, असा तिचा हिशेब. तो साफ चुकला होता. स्वतःच्या गादीसाठी तो माणूस लोणकढी थाप मारू शकत होता, नव्हे, तेवढी एकच गोष्ट तो मन लावून करू शकत होता.

ती दुसऱ्या दिवशी पहाटे गायीच्या पोटाला कपाळ टेकून रडली. धार काढता काढता रडली, कारण थांबायला वेळ नव्हता. आपलं काय चुकलं? लग्नात काही कमीजास्त बोललो का? एवढी वर्षं आपण एकदाही जातीने गेलो नाही, म्हणून आई दुखावली असेल का? लोणी ती पाठवतच राहिली. आधीपेक्षा जास्त पाठवायला लागली. बरणी रिकामी येतच राहिली. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा तोंडावर आला. लाटसाहेब चुलीच्या भिंतीला पाठ लावून घोरत होते.

एके दिवशी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "आईचा राग अजून गेलेला नाही. नाहीतर भांडं रिकामं पाठवणारी नव्हे ती."

मामंजींनी मान वर केली. "खरंच की. विहीणबाईंची ती पद्धतच होती. काय रे थोरल्या?"

लाटसाहेबांना ठसका लागला. पाणी प्यावं लागलं.

पुढच्या बाजाराहून ते आले ते बरणी उंच धरूनच. "हे घे! उगाच तोंड पाडून बसतेस. बघ मावशींनी काय पाठवलंय. खास तुझ्यासाठी. कोंबड्या काय सुरेख अंडी देतायत म्हणे त्यांच्या!"

बरणीत गवताच्या काड्यांवर दोन अंडी होती.

धाकटी बघतच राहिली. तिच्या आईने उभ्या आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती. लहानपणी एका कोंबडीने तिच्या डोळ्याखाली चोच मारली होती, तो व्रण अजून होता. अंगणात शेजारची कोंबडी आली तर ती बाई घरात जाऊन दार लावून घ्यायची. सगळी आळी तिला यावरून हसायची. धाकटीने एक अंडं उचलून उलटं केलं. खाली कोळशाची एक तिरकी रेघ होती.

ती रेघ तिच्याच हातची होती. खुडुक बसलेल्या कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांवर ती अशी खूण करून ठेवायची. म्हणजे दुसऱ्या कोंबड्यांनी तिथे नवं अंडं घातलं तर ते ओळखून रोजच्या रोज काढून घेता यायचं. शेतावर राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण खुराड्यात वाकून बघायची वेळ लाटसाहेबांवर जन्मात पहिल्यांदाच आली होती, आणि हाताला लागली ती दोन घेऊन ते निघाले होते. दिवसभर गाडीत गारठून अंड्यांचं मातेरं झालं होतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी ती दोन अंडी त्यांच्या टोपीवर फुटायची. पण तिने बरणी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आईने आठवण ठेवली म्हणायची."

"मग! मी सांगतच होतो," लाटसाहेब म्हणाले, आणि आणखी एक बटाटा घेतला.

सकाळी ती गोठ्यात नवऱ्याजवळ गेली आणि सगळं सांगितलं. तो शेण ओढत होता.

"दादा असं नाही करणार," तो म्हणाला.

त्याने गोठ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत शेण ओढत नेलं, फावडं भिंतीला टेकवलं आणि परत आला. "करेल," तो म्हणाला. "तू जाऊन ये. गिरणीवाला बाजाराच्या दिवशी नदीकडून जातो. त्याच्या गाडीत बस. धारा मी काढतो, चूलही बघतो."

एवढं लांबलचक बोलणं त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लाटसाहेबांची गाडी वळणाआड गेली आणि धाकटी गिरणीवाल्याच्या गाडीत पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसली. गिरणीवाला गप्पिष्ट माणूस. "तुमचं लोणी एक नंबर बरं का वहिनी," तो वाटेत म्हणाला. "खानावळवाली फार नाव काढते. लाटसाहेब दर बाजारी तिला बरणीभर नेऊन देतात, आणि ती त्यांना बसवून जेवू घालते. दिवसभर तिथेच असतात की. बाजारात फिरताना मी तरी त्यांना पाहिलं नाही बुवा."

"मग नातेवाईकांच्या बातम्या?"

"कसल्या बातम्या?" गिरणीवाल्याने विचारलं.

धाकटीने पोत्याची कडा घट्ट धरली.

आई कुंपणापाशीच उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. आधीपेक्षा निम्मी झालेली. गाडी थांबली आणि कोण उतरलं हे कळायला तिला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा काठी खाली पडली.

"तू आलीस होय," ती म्हणाली. "मला वाटलं, आता तू काही येत नाहीस."

"आई, तूच म्हणालीस ना, शेणाच्या वासात कोण येईल म्हणून?"

"मी? कुणाला?"

मग कुंपणाशीच सगळं बाहेर आलं. लाटसाहेब आधी थांबत, पण गेली दोन-तीन वर्षं दर बाजाराच्या दिवशी ते त्या कुंपणावरून नुसतेच जात, टोपी काढून हलवत आणि पुढे जात. आई हाका मारायची, "अहो थांबा, एवढं लेकीला न्या!" तर ते गाडीतूनच ओरडायचे, "घोडी थांबत नाही मावशी!" घोडी कशाला थांबेल? थांबवायची तर लगाम ओढावा लागतो, आणि पुन्हा चालती करायला खाली उतरून तिला चुचकारावं लागतं. तेवढ्या मेहनतीला कोण तयार? पण घरी येऊन "मावशींना भेटलो" म्हणायला ते मोकळे. टोपी हलवली होती ना!

"दर वेळी हे बांधून उभी राहते," आईने गाठोडं पुढे केलं. आत वाटाणे होते. "तो थांबत नाही. मग मला वाटायला लागलं, तूच सांगितलं असशील त्याला, थांबू नका म्हणून."

धाकटीने आईला धरलं आणि ती मोठमोठ्याने रडली, गिरणीवाल्यासमोर, रस्त्यावर, अगदी लाज सोडून. दोन हिवाळे दोघी एकमेकींवर रुसल्याच्या कल्पनेने झुरत बसल्या होत्या. का, तर एका माणसाची पाठ गरम राहावी म्हणून! गिरणीवाला पोत्यांच्या गाठी तपासत बसला होता. त्या सगळ्या घट्टच होत्या.

दुपारपर्यंत घराला कुलूप लागलं आणि आई पिठाच्या पोत्यांना टेकून लेकीच्या शेताकडे निघाली. फाटक उचलायला धाकटा धावत आला. मामंजी ओसरीवर डुलक्या घेत होते, त्यांना कुणी उठवलं नाही. धाकटीने आईला मागच्या दाराने आत घेतलं, सरळ चुलीजवळच्या खोलीत नेलं आणि लाटसाहेबांच्या गादीवर बसवलं. पायांवर लाटसाहेबांचीच रजई टाकली.

"कुणाची गं ही खोली?" आईने भिंतीला हात लावून विचारलं. "काय ऊब आहे!"

"तुझी," धाकटी म्हणाली.

दिवेलागणीला लाटसाहेब आले. टोपी खुंटीला अडकवून थेट जेवायला बसले, नेहमीसारखे. आपल्या खोलीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. ते जेवले, मिशा पुसल्या आणि मामंजी कानाला हात लावून पुढे वाकले.

"आज मावशींनी हाताला धरून आत नेलं मला," लाटसाहेब म्हणाले. "नाही नाही म्हणत होतो, पण ऐकतील तर शपथ. कढत दूध दिलं. तब्येत काय छान! गाल असे सफरचंदासारखे. पुन्हा विचारलं मी, येता का हिवाळ्याला? तर हसल्या. म्हणाल्या, छे हो, मला कसली थंडी! आणि हे दिलं." त्यांनी बरणी उघडली. पुन्हा दोन अंडी. मागच्या वेळी इतकी छान पचली होती, मग दुसरं काही शोधायचा त्रास कोण घेणार?

"वा वा," मामंजी म्हणाले. "धाकटे, एक फोड माझ्यासाठी. विहीणबाईंच्या घरचं आहे."

धाकटीने त्यांच्यासमोर वाडगा ठेवला आणि अंडं फोडलं. आतून लाल रेषांचं जाळं आणि त्यात एक काळा ठिपका वाडग्यात पडला. पिलाचा डोळा.

म्हाताऱ्याने सगळा जन्म शेतात काढला होता. तो वाडग्याकडे बघत राहिला. मग त्याने टरफल उचललं, दिव्याजवळ नेलं आणि अंगठ्याने कोळशाची रेघ पुसून पाहिली.

"हे आपल्या खुडुक कोंबडीखालचं आहे," तो म्हणाला.

"छे!" लाटसाहेब म्हणाले. "कोंबड्या काय, सगळीकडे सारख्याच. मावशींकडे कोळसा नसतो की काय?"

"माझ्याकडे कोळसा आहे," खोलीतून आवाज आला. "कोंबडी नाही."

लाटसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. काठीचा आवाज झाला, दार पूर्ण उघडलं आणि त्यांचीच रजई खांद्यावर घेतलेली आई दारात उभी राहिली. "आणखी काय म्हणाले मी?" तिने विचारलं. "सांगा ना. मलाही ऐकू दे."

दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. लाटसाहेब त त प प करत क्षणभर थांबले, मग त्यांचा चेहरा उजळला. "बघा!" ते मामंजींकडे वळून म्हणाले. "शेवटी आल्याच ना! मी एवढा सारखा विचारत होतो, त्याचं फळ आहे हे."

"भावोजी," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका कापत होता की धाकटाही उठून उभा राहिला. "तुमच्या त्या एका वाक्यावर मी दोन हिवाळे रडले. माझी आई कुंपणाशी उभी राहून तुम्हाला हाका मारत होती आणि तुम्ही तिला टोपी दाखवत होता. माझं लोणी खानावळीत घालून तुम्ही तिथे फुकट जेवत होता. तुम्हाला काही म्हणजे काहीच वाटत नाही?"

"अगं, एवढं काय त्यात," लाटसाहेब म्हणाले. "घोडी थांबत नाही."

मामंजी अजून टरफल हातात धरून बसले होते. आता त्यांनी ते खाली ठेवलं.

"थोरल्या," त्यांनी विचारलं, "आणि आत्याबाईचा नातू?"

लाटसाहेबांनी पुसलेल्या मिशा पुन्हा पुसल्या.

"माझी बहीण. तिला नातू झाला म्हणालास. बापाच्या रंगाचा. आणि मागच्या महिन्यात तिचे गुडघे दुखतायत म्हणालास. तुला भेटली होती ना ती?"

लाटसाहेबांनी छताकडे बघितलं.

"ताई जिवंत तरी आहे ना रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"असेल की," लाटसाहेब म्हणाले.

मामंजी एकदम लहान दिसायला लागले. धाकट्याने भावाची गादी काखोटीला मारली, शिडी चढून माळ्यावर नेली, आणि खाली येऊन आयुष्यात पहिल्यांदा त्याने थोरल्या भावाला काम सांगितलं. "फटी बुजवून घे," तो म्हणाला. "वारा येतो."

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडीत धाकटी बसली. घोडी सांगाल तिथे थांबत होती. बाजार करून ती आधी आत्याबाईंकडे गेली. म्हातारी जिवंत होती, ठणठणीत होती, आणि नातू वगैरे काही नव्हता, दोन नाती होत्या, एक तर शाळेतही जायला लागलेली. "माझा भाऊ मला विसरलाच म्हणायचा," आत्याबाई म्हणाल्या. धाकटीने दोन्ही मुली गाडीत घालून संध्याकाळपुरत्या आणल्या. मामंजींनी एकेकीला मांडीवर घेतलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "अरे वा" किंवा "अरे देवा", काहीच त्यांच्या तोंडून निघेना. मुलींना धाकट्याने अंधार पडायच्या आत परत पोचवलं.

मग जेवणं सुरू झाली. आई चुलीजवळ बसून वाटाणे सोलत होती. लाटसाहेब माळ्यावरून उतरले. नाक लाल झालेलं, केसात गवत. फटी अजून तशाच होत्या. ते आले, बसले, आणि बराच वेळ चुळबुळ करून त्यांनी विचारलं, "धाकटे, खानावळीत गेली होतीस?"

"गेले होते."

ती खरंच गेली होती, लाटसाहेब आता येणार नाहीत हे सांगायला. खानावळवालीने एवढंच विचारलं होतं, की लोणी आता कोण आणून देणार. लाटसाहेबांच्या नेहमीच्या बाकावर दुसराच कोणी पाय पसरून बसला होता आणि गप्पा चालू होत्या. त्यांचं नावही कोणी काढलं नव्हतं.

"मग?" लाटसाहेब पुढे वाकले. एक हात नकळत कानाशी गेला. "माझ्याबद्दल काही विचारत होते का?"

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. आईच्या हातातली शेंग थांबली.

"हो," धाकटी म्हणाली. "सगळे तुमची आठवण काढत होते."

लाटसाहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी मामंजींकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, ऐकलंत ना अशा अर्थाने. "आणखी काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," धाकटी म्हणाली, आणि त्यांच्या ताटात बटाटे वाढले.